चेलाडी फाट्यावरून फ्लॉरेन्सला

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलात की नसरापूर. इथून एक रस्ता वेल्ह्याकडे, म्हणजे राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जातो. महामार्गाने थोडं पुढे गेलात तर कापूरहोळ. तिथून एका हाताला भोर, दुसऱ्या हाताला सासवड आणि पुरंदर. गुंजण मावळ, रोहिडखोरं, हिरडस मावळ, कानद खोरं ही बखरींतली नावं इथे शेजारीपाजारी आहेत. याच मुलखात आज तुम्हाला हिंडायचं आहे, पण पावणेचारशे वर्षं मागे जाऊन. मधेच एकदा त्याहूनही अडीचशे वर्षं मागे, इटलीत.

साल १६४६, जानेवारीचा शेवट. नसरापूरच्या उत्तरेला, खेड शिवापूरच्या अंगाला असलेल्या रांझे गावात तुम्ही उभे आहात. भातं कधीच निघाली आहेत, शेतांत नुसता खुंट आहे, सकाळची थंडी हाडात शिरते आहे. चावडीपुढे माणसं दबक्या आवाजात बोलताहेत. गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल केला आणि त्याचे हातपाय कलम झाले. वतन आधी अमानत झालं, मग दिवाणात होन भरून घेऊन गोतातल्याच सोनजीला दिलं गेलं. ते पाटीलकीचं पत्र आता गावात आलं आहे. त्यावरची तारीख २८ जानेवारी १६४६ ची निघते. ज्यांच्या नावाने ते निघालं त्या शिवाजीराजांना सोळावं वर्ष पुरं व्हायला अजून तीन आठवडे आहेत.

गावाचं लक्ष शिक्षेकडे आहे. तुम्ही मात्र कागदाकडे बघा. खाली वळणदार मोडी. भाषा मराठी, पण ओळीओळीत फारसी शब्द, आणि कालगणना शुहूर सनाची, म्हणजे अरबी आकड्यांनी वर्ष सांगणारी. त्यात नवल काही नाही. निजामशाही-आदिलशाहीच्या मुलखात दफ्तर असंच लिहिलं जातं. नवल आहे ते पत्राच्या माथ्यावर. तिथे अष्टकोनी मुद्रा उमटली आहे आणि तिच्यातली अक्षरं संस्कृत आहेत, छंदात बांधलेली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही शहाजीच्या पुत्राची मुद्रा आहे, असं ती सांगते. दख्खनच्या सरदारांच्या मुद्रा फारसीत कोरायची रीत असताना ही संस्कृतात आली.

सोनजी पाटलाला हे वाचता येणार नाही. गावच्या कुलकर्ण्याला कदाचित येईल, तेही अडखळत. मग पंधरा वर्षांच्या जहागीरदाराच्या दफ्तराने हजार वर्षांपूर्वीच्या राजांच्या भाषेत शिक्का का कोरला? वाचणारे कोण धरले होते? हा प्रश्न मनात ठेवा. याचं उत्तर रांझ्यात उभं राहून नीटसं दिसत नाही. त्यासाठी दूर जावं लागतं.

साल १३९७. पायाखाली दगडी फरसबंदी आहे आणि नाकात ओल्या लोकरीचा वास. हे फ्लॉरेन्स. आर्नो नदीच्या काठी लोकर धुतली जाते, रंगवली जाते आणि तिचं कापड युरोपभर विकलं जातं. १२५२ पासून हे शहर स्वतःचं सोन्याचं नाणं पाडतं. त्या फ्लोरिनवर लंडनपासून पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत सगळ्यांचा विश्वास आहे. याच वर्षी मेदिची घराण्याची पेढी इथे उघडते आहे. शहराला राजा नाही. व्यापारी आणि कारागिरांच्या संघांतून निवडलेली माणसं दोन-दोन महिने कारभार बघतात. कागदोपत्री वरती पवित्र रोमन सम्राट आहे, पोप आहे. प्रत्यक्षात दोघांच्या भांडणात मधल्या मधे ही शहरं मोकळी झाली आहेत. फ्लॉरेन्स, मिलान, सिएना, पादुआ. आणि मोकळी झाल्यापासून ती एकमेकांच्या उरावर बसली आहेत.

कारभाराच्या उंच मनोऱ्याच्या वाड्यात शिरा. कोणी अडवणार नाही. आत एक साठी ओलांडलेला गृहस्थ लिहितो आहे. कोलुच्चो सालुताती. १३७५ पासून तो या शहराचा चॅन्सेलर आहे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर चिटणीस. पोपला, राजांना, मित्रशहरांना आणि शत्रूंना जाणारं प्रत्येक पत्र त्याच्या हातून जातं. शिक्षणाने तो नोटरी, म्हणजे खरेदीखतं, मृत्युपत्रं, करार लिहिणाऱ्यांच्या धंद्यातला. सध्या मिलानच्या जान गालेआत्झो व्हिस्कोंतीशी लढाई चालू आहे. सालुतातीचं एक पत्र आपलं हजार स्वारांपेक्षा जास्त नुकसान करतं, असं हा व्हिस्कोंती म्हणत असे, अशी आठवण पुढच्या पिढ्या सांगत राहिल्या.

त्या पत्रांत एवढं बळ कशामुळे आलं? राजा नसलेल्या शहराला सांगायला वंश नाही, अभिषेक नाही, पोपची सनद नाही. मग ते कोणाच्या नावाने बोलणार? सालुतातीने उत्तर शोधलं ते दीड हजार वर्षं जुन्या रोममध्ये. फ्लॉरेन्स ही रोमच्या प्रजासत्ताकाची लेक आहे, असं तो लिहितो, आणि ते पटावं म्हणून त्या काळच्या लॅटिनच्या तोलामोलाने लिहितो. मठांतली आणि कचेऱ्यांतली झिजलेली लॅटिन त्याला चालत नाही. त्याला सिसेरो लागतो. १३४५ मध्ये पेत्रार्काला व्हेरोनात सिसेरोच्या पत्रांची एक पोथी सापडली होती. दुसऱ्या पत्रसंग्रहाची नक्कल सालुतातीने १३९२ मध्ये मिळवली. चिटणिसाने जुन्या जगातलं नेमकं काय हुडकलं बघा: पत्रं. आता या १३९७ सालात त्याने कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रायसोलोरास नावाच्या विद्वानाला बोलावून घेतलं आहे, कारण ग्रीक शिकवणारं इथे कोणी उरलेलं नाही. शेजारच्या दालनात धडे चालू आहेत असं समजून कान द्या. जे तरुण तिथे क्रियापदं घोकताहेत, त्यांतला लिओनार्दो ब्रूनी पुढे याच खुर्चीवर बसेल.

आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रबोधनाचं पान उघडलं की लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो दिसतात. मला त्या पानाचा राग नाही, पण त्यात सुरुवात हरवते. लिओनार्दो जन्मायला अजून पंचावन्न वर्षं आहेत. ब्रुनेलेस्कीचा घुमट उभा राहायला १४२० ते १४३६ असा काळ यायचा आहे. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं पादुआच्या लोव्हातो लोव्हाती या न्यायाधीशापासून आणि अल्बेर्तिनो मुस्सातो या नोटरीपासून हे काम कागदावर चालू आहे. पेत्रार्काचा बापही नोटरीच. म्हणजे रंग यायच्या खूप आधी शाई आली. नव्या, लहान, सतत धोक्यात असलेल्या सत्तेला स्वतःचा आवाज हवा होता, आणि तो तिच्या कारकुनांनी जुन्या भाषेत शोधून काढला. इटलीच्या प्रबोधनाचा उगम मी इथे धरतो. आता रांझ्याच्या शिक्क्याकडे परत चला.

मात्र रांझ्यात नको, थोडं पश्चिमेला. साल १६५३. नसरापुरातून वेल्ह्याची वाट धरलीत, मार्गासनी मागे टाकलीत की गुंजवणीच्या खोऱ्यावर मुरुंबदेवाचा डोंगर उभा आहे. त्याला आता राजगड म्हणतात. वर चढताना पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज ऐकू येतो असं धरा. इथे फ्लॉरेन्सचं सोनं नाही. मावळात भात, नाचणी, वरई पिकते आणि तीही पोटापुरती. बारा मावळांत देशमुखांची घराणी आपापलं खोरं धरून बसली आहेत: गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल, रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, मोसे खोऱ्यात पासलकर. वरती विजापूर आहे, त्याच्याही वर दिल्ली आहे, पण दोन्ही लांब. मधल्या फटीत ही खोरी जवळजवळ स्वतंत्र, आणि शीव, वतन, मानपान यांवरून एकमेकांशी झुंजणारी. इटलीतल्या त्या शहरांशी तुलना करायची तर पैशाने नाही, या फटीने करायची.

पद्मावती माचीवर पोचलात. तळ्यापलीकडे सदर आहे. दफ्तराची जागा नेमकी कोणती याची चिंता करू नका. बोरूचा कर्रकर्र आवाज जिकडून येतो तिकडे जा. कारकून मांडी घालून बसले आहेत, पुढे कलमदान, ओल्या अक्षरांवर टाकायला बारीक वाळू, मागे रुमालात बांधलेली दफ्तरं. कौलनामा, खुर्दखत, अभयपत्र. मायना फारसी वळणाचा, माथ्यावर संस्कृत मुद्रा, शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. याच वर्षी, शके १५७५ मध्ये, कृष्ण ज्योतिषी यांनी शिवरायांच्या सांगण्यावरून ‘करणकौस्तुभ’ नावाचा ज्योतिषगणिताचा ग्रंथ रचला. राज्याभिषेकाला अजून एकवीस वर्षं आहेत. राज्य म्हणावं इतका मुलूखही हाती नाही. तरी पंचांग नीट बसवणारं गणित हवं आहे.

मग नावं ऐका. तोरणा आता प्रचंडगड. भोरजवळचा रोहिडा विचित्रगड. चाकणचा कोट संग्रामदुर्ग. राजगडाच्या दोन माच्यांना नावं दिली ती सुवेळा आणि संजीवनी, थेट रामायणातून. संजीवनीवर चालत जा. एकात एक घातलेली दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज, दोन भिंतींमधून खाली उतरणाऱ्या अरुंद वाटा. वारा उभं राहू देत नाही. फ्लॉरेन्सने आपली बुद्धी घुमटात आणि चित्रांत ओतली. मावळाने ती इथे ओतली, कारण इथे जिवंत राहणं हीच पहिली गरज होती. मला ही माची त्या घुमटाच्या पंगतीत बसवायला जराही संकोच वाटत नाही.

आता १६६५, जून. पुरंदर. काही आठवड्यांपूर्वी हा किल्ला लढवताना मुरारबाजी पडले. पायथ्याशी मिर्झाराजा जयसिंगाची छावणी पसरली आहे. रात्री एका तंबूत डोकावा. राजासमोर एक सत्तावीस वर्षांचा गोरा माणूस बसला आहे. निकोलाओ मनुची, गाव व्हेनिस. चौदा वर्षांचा असताना पळून जहाजावर चढला, आता मोगलांच्या तोफखान्यात नोकरीला आहे. शिवाजीराजे छावणीत आले तेव्हा आपली त्यांच्याशी भेट झाली आणि युरोपातल्या राजांविषयी बोलणं झालं, असं त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. इटलीचं नगरराज्य आणि मावळाचं नवं राज्य एका तंबूत बसलं ते इथे, नसरापूरपासून घोड्यावर काही तासांच्या अंतरावर. तहात तेवीस किल्ले गेले, बारा उरले. त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. मनुचीने पुढे मीर मुहम्मद या चित्रकाराकडून हिंदुस्थानातल्या राजेलोकांची चित्रं काढून घेतली. त्यात घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आहेत. तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

१६७४. गादी रायगडावर गेली आहे. ६ जूनचा सोहळा तुम्ही नाटकांत, चित्रांत पुष्कळदा पाहिला असेल, तेव्हा तिथे फार थांबू नका. काशीहून आलेल्या गागाभट्टांकडे एक नजर टाका. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. फ्लॉरेन्सने ग्रीक आणायला कॉन्स्टँटिनोपल गाठलं, तसं इथे जुना राज्याभिषेकविधी आणायला काशी गाठावी लागली, आणि तो ज्यांच्याकडे मिळाला ते गोदाकाठचेच निघाले. त्या दिवसानंतरच्या दफ्तरात मात्र जरूर थांबा. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबीरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. तांब्याच्या शिवराईवर देवनागरी अक्षरं आली. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला: राज्यकारभारातल्या १,३०० हून अधिक यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, वर्गवार लावलेले आणि श्लोकांत बांधलेले, म्हणजे कारकुनाला पाठ करता यावेत.

कोश लिहिला म्हणून भाषा बदलत नसते, हे खरं. पण वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा चौदाच्या आसपास. १६७७ च्या पत्रात बासष्टच्या आसपास. १७२८ मध्ये नव्वदीच्या पुढे. शंभर वर्षांत कारकुनांच्या तीन-चार पिढ्यांनी बोरूने हे केलं. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावर १९०० मध्ये लिहिताना संतांच्या चळवळीत युरोपातली धर्मसुधारणा पाहिली. ते खरंच आहे. पण त्याच्या शेजारी हे दफ्तरही ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. संतांनी माणसाला बोलतं केलं. राज्याला बोलतं केलं ते या मांडी घालून बसलेल्या माणसांनी.

एक गोष्ट मात्र इथे झाली नाही, आणि तिची खंत वाटते. इटलीत छपाई पोचली १४६५ मध्ये आणि पुढच्या तीस वर्षांत व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यातून ग्रीक-लॅटिन ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हातात पडू लागले. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये सुरू झाला होता. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’, अस्सल मराठी ओव्यांचं, १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापून निघालं होतं. म्हणजे यंत्र घाटाखाली, कोकणपट्टीतच होतं. ते सह्याद्री चढून वर आलं नाही. कोश हाताने नकलत राहिला. पोथी ज्याच्या घरी, विद्या त्याच्या घरी. पाटलाच्या, कुणब्याच्या, चांभाराच्या पोराला त्या दफ्तराचं दार उघडलं नाही. फ्लॉरेन्समध्येही लोकर धुणाऱ्याचं पोर सालुतातीच्या वर्गात बसत नव्हतं, पण छापील पुस्तकाने तिथे पुढची वाट तरी मोकळी केली.

परत नसरापूरकडे निघा, वाटेतल्या दोन काळांत पाय टेकत. १६९७. राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण यांच्याकडून भोर संस्थान सुरू होतं. १६७४ मध्ये सुरनिसाचं जे नाव बदललं, ते पंतसचिव म्हणून एका घराण्याचं नाव झालं, आणि १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत नसरापूरचा कारभार त्याच नावाने चालला. दुसरा थांबा १७४९. शिवगंगेच्या खोऱ्यात, नसरापूरजवळच्या झाडीत नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं बनेश्वराचं देऊळ. तिथली घंटा नीट बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. दहा वर्षांपूर्वी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. अशा पोर्तुगीज घंटा तिथूनच घाटावर आल्या. ज्या युरोपाने छपाईचं यंत्र किनाऱ्यापर्यंत आणलं, त्याच युरोपाची ही ओतीव घंटा बैलगाड्यांनी इथवर चढली. यंत्रही तसंच आणता आलं असतं, हा विचार तिथे उभं असताना टाळता येत नाही.

आता शेवटचा पल्ला. भोर ओलांडून कारीला जा. साल विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. इथे एकदा फ्लॉरेन्स आठवा. जुन्या पोथ्या हुडकत मठ पालथे घालणारा पोज्जो ब्राच्चोलिनी हा सालुतातीच्याच तालमीतला. लुक्रेशियसचं हरवलेलं महाकाव्य १४१७ मध्ये त्याच्या हाती लागलं. आपल्याकडे हे काम राजवाड्यांनी केलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, गावोगाव वाडे आणि बाडं धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मुद्रा, मायने, कौलनामे, ज्या पत्रांतले शब्द मोजले ती पत्रं, सगळं याच धुंडाळण्यातून वर आलं. आणि कारीच्या जेध्यांच्या घरातून एक शकावली बाहेर आली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटना, एकेका ओळीत, कोणताही अलंकार न घालता टिपलेल्या. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ती छापली.

वाड्याच्या सोप्यात बसून ती पानं उलगडली जात असताना तुम्ही मागे उभे राहा आणि शके १५५१ शोधा. फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरीवर जन्म. तोवर सगळे १६२७ साल धरून चालले होते. या एका ओळीने वाद पेटला आणि तो अनेक वर्षं चालला. पुढे तंजावरहून मिळालेल्या परमानंदांच्या ‘शिवभारत’ काव्यातही हीच तिथी निघाली. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करतं, शाळांना सुट्टी असते, नसरापूरच्या चौकातून पोरं मशाली घेऊन राजगडाकडे धावतात. ती तारीख सर्वांत आधी याच भोरच्या खोऱ्यातल्या एका देशमुखी बाडातून वाचली गेली.